काचेच्या आत निळं होत नाही

पहिल्या कार्यशाळेला १४ जणांनी नावं दिली, प्रत्यक्षात ९ आले, आणि त्यांतल्या एकाच्याही कागदावर निळा रंग धरला नाही. ‘उन्हाने छापा : निळ्या छपाईची कार्यशाळा’ अशी चिठ्ठी मी स्वतः झोकदार अक्षरात लिहून कॉफीहाऊसच्या फळ्यावर टाचली होती. दोन तासांनी टेबलावर नऊ कागद निथळत पडले होते, जवळजवळ कोरे. एखाद्यावर कुठे आकाशी डाग असेल नसेल. निघताना एक ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “निळं नाही झालं तरी चालेल हो, वेळ छान गेला.” त्या कोऱ्या कागदांपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

तोवर त्या जागेत मी नुसती गिऱ्हाईक होते. पोटापाण्यासाठी हिशेब तपासते, आणि दिवसभर आकडे पाहून झाले की घरी जाण्याआधी अर्धा तास कुठेतरी टेकायचं, एवढाच माझा आणि कॉफीहाऊसचा संबंध. एका मंगळवारी माझ्या नेहमीच्या टेबलाशेजारी सहा-सात माणसं वह्या उघडून बसलेली दिसली. कुणी कुणाला ओळखत नसावं, कारण बोलणं बेताचंच होतं. एकीने माझ्यापुढे कागद सरकवला आणि नियम सांगितला : समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, पेन उचलायचं नाही, आणि कागदाकडे मुळीच बघायचं नाही.

ही युक्ती चित्रकलेच्या वर्गांत जुनीच आहे, पण कॉफीहाऊसमध्ये ती किती कामाची आहे हे तिथेच कळलं. कागदाकडे बघायचंच नसल्यामुळे सगळ्यांची चित्रं सारखीच वाईट येतात. माझ्या चित्रात समोरच्या मुलाचं नाक त्याच्या कानात गेलं होतं. शेजारी जे बसले होते ते म्हणे वीस वर्षं चित्रं काढताहेत. त्यांचं नाक हनुवटीखाली. “मला चित्र येत नाही” म्हणायची सोयच उरत नाही. मोठ्या माणसांना हातात पेन्सिल धरायला लावणं फार अवघड असतं, त्यांना एकदम दहावीतले बाई नाहीतर सर आठवतात. इथे पहिल्या पाच मिनिटांत सगळे हसत होते आणि मी दुसरी कॉफी मागवली होती. या दुसऱ्या कॉफीवर मालकीणबाईंचं सगळं गणित उभं असतं, हे मला पुढे कळलं.

मग दर मंगळवारी जाऊ लागले. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ओपन माइक असायचा, त्यालाही. काउंटरवर एक कागद असतो, त्यावर नाव लिहायचं आणि नंबर आला की उठायचं. सात मिनिटं. कविता वाचा, गाणं म्हणा, बासरी वाजवा. पहिल्याच वेळी एक आजोबा पत्नीच्या आठवणीतली कविता वाचत होते, आणि नेमक्या शेवटच्या ओळीला ग्राइंडर सुरू झाला. घर्रर्र. आजोबा थांबले, ग्राइंडर थांबला, आजोबांनी ओळ परत सुरू केली, आणि तेवढ्यात दुधाच्या वाफेची नळी फुसफुसली. कुणाचाच दोष नव्हता. कॉफी मागवणाराही गिऱ्हाईकच. त्या दिवसापासून काउंटरवरच्या मुलाने नियम केला : माणूस माइकवर उभा राहिला की ग्राइंडर बंद. त्यासाठी तो आधीच थोडी कॉफी दळून ठेवतो, आणि ते त्याला मनापासून खटकतं. “ताई, दळलेली कॉफी पंधरा मिनिटांत मरते,” तो एकदा मला म्हणाला, “कविता काय, उद्याही वाचता येते.”

या भांडणाला इतिहास आहे. १७२९ साली योहान सेबास्टियन बाख या संगीतकाराने जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या विद्यार्थी वादकांच्या मंडळाची सूत्रं हाती घेतली. या मंडळाच्या आठवड्याच्या मैफली झिमरमान नावाच्या गृहस्थाच्या कॉफीहाऊसमध्ये व्हायच्या, आणि उन्हाळ्यात त्याच्याच बाहेरच्या बागेत. तेव्हा विजेचे ग्राइंडर नव्हते, पण कपबशा होत्या, खुर्च्या सरकत होत्या, आणि मधेच कुणीतरी मोठ्याने ऑर्डर देत असणारच. बाखने काय केलं असेल कोण जाणे. आमच्या मुलासारखा एखादा पोऱ्या त्यालाही भेटला असेल, असं मी आपलं धरून चालले आहे.

आता निळ्या छपाईकडे वळते. सायनोटाइप हा माझा घरगुती नाद. लोखंडाच्या क्षारांचं पाणी कागदाला लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पान, पीस, किल्ली काहीही ठेवायचं आणि उन्हात धरायचं. ऊन लागेल तिथे निळं होतं, सावली पडेल तिथे पांढरं राहतं. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या वनस्पती अभ्यासिकेने समुद्री शेवाळाचे नमुने या पद्धतीने छापायला सुरुवात केली : शेवाळ कागदावर ठेवायचं, बस्स, चित्रकार नको. इंजिनिअर आणि वास्तुरचनाकार पुढे कितीतरी दशकं याच पद्धतीने नकाशांच्या प्रती काढत होते. ब्लूप्रिंट हा शब्द आपण उठसूट वापरतो, तो इथून आला. माझ्याकडचे चार छाप मी मंगळवारच्या टेबलावर दाखवायला नेले. मालकीणबाई कप उचलायला आल्या होत्या, त्या उभ्या राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही का नाही घेत एखादा रविवार?”

मी लगेच हो म्हणाले. तिथेच चुकलं. हो म्हणायच्या आधी मी प्रश्न विचारायला हवे होते. विचारले ते त्यांनी. किती माणसं? पाणी कुठलं वापरणार? सांडलं तर टेबलावर डाग पडतो का? वाळत घालायला जागा किती लागेल? कॉफी कधी प्यायची, आधी, मधे की नंतर? पैसे कोण गोळा करणार? आणि कोपऱ्यातल्या काकांचं काय करायचं?

हे काका म्हणजे खिडकीजवळच्या टेबलाचे अघोषित मालक. रोज येतात, एक कॉफी घेतात, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचत जातात. कार्यक्रम, कार्यशाळा, माइक, सगळ्याबद्दल त्यांचं एकच मत : “इथे पूर्वी शांतता होती.” मालकीणबाईंनी मला बजावलं, “कार्यशाळेची माणसं महिन्यातून एकदा येतात. काका रोज येतात. त्यांना उठवायचं नाही.” आणि मला तर नेमकी खिडकीच हवी होती. शेवटी असं ठरलं की खिडकीचा कट्टा माझा आणि टेबल काकांचं. जागेचं भाडं मालकीणबाईंनी घेतलं नाही. सामानाचा खर्च मी माणशी वाटून घ्यायचा आणि प्रत्येकाने निदान एक कॉफी घ्यायची. वेळ मिळाली दुपारी तीन ते पाच, कारण तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. छपाईला कडक ऊन लागतं, म्हणजे भर दुपार हवी, हे मी बोललेही. त्यांनी नुसतं दरवाज्याकडे पाहिलं. भर दुपारी तिथे बसायला जागा नसते.

मुख्य प्रश्न पुढेच होता. काउंटरवरच्या मुलाने माझ्या बाटलीवरचं नाव वाचलं आणि मोबाइलवर शोधलं. मग तो मालकीणबाईंच्या कानाशी लागला, आणि दोघं माझ्याकडे आली.

“ताई, यात सायनाइड आहे?”

नावात आहे. दोन पदार्थ लागतात : एक अमोनियम फेरिक सायट्रेट, दुसरं पोटॅशियम फेरिसायनाइड. या दुसऱ्यातलं सायनाइड लोखंडाशी इतकं घट्ट बांधलेलं असतं की साध्या वापरात ते सुटं होत नाही. मात्र तीव्र आम्लाशी त्याची गाठ पडू द्यायची नाही आणि ते तापवायचं नाही, हे दोन नियम कसोशीने पाळायचे. शिवाय हातमोजे घालायचे, पूड उडू द्यायची नाही. मी एवढं सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की कागदावर शेवटी जो निळा रंग तयार होतो तो प्रशियन ब्लू, आणि औषधी दर्जाचा प्रशियन ब्लू थॅलियमची विषबाधा झालेल्या रुग्णाला डॉक्टर चक्क पोटात देतात. मालकीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “छान. कप लांब ठेवा.”

आदल्या रात्री दुकान बंद झाल्यावर मी तिथेच कागद तयार केले. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम सायट्रेट हा पहिला द्राव, तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम फेरिसायनाइड हा दुसरा. दोन वेगळ्या तपकिरी बाटल्या. वेगळे असतात तोवर ते टिकतात, फक्त सायट्रेटच्या बाटलीत बुरशी धरते, ती गाळून घ्यावी लागते. सारख्या मापाने एकत्र केले की पोपटी पाणी होतं आणि ते उजेडाला लाजायला लागतं. कॉफीहाऊस या कामाला फारच सोयीचं निघालं. माझ्या घरी पांढरे दिवे आहेत, म्हणून तिथे पडदे ओढून चोरासारखं काम करावं लागतं. इथे आतल्या बाजूला मंद पिवळे दिवे आहेत. लोक म्हणतात वाचायला त्रास होतो, पण या रसायनाला हवं असतं ते नेमकं असंच : अतिनील किरण जवळजवळ नसलेला उजेड. रुंद ब्रशने आधी आडवे हात मारायचे, मग उभे, आणि थेंब साचू द्यायचे नाहीत. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, फ्रिजची घरघर, आणि मी कागदांना पोपटी रंग फासते आहे. हिशेबाच्या कामात असं सुख नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं वेळेवर आली. कुणी पानं आणली, कुणी लेसचा तुकडा, एकाने सायकलच्या साखळीचा तुकडा आणला. रसायन लावायचं कसं हेही कळावं म्हणून प्रत्येकाला एक छोटी पट्टी रंगवायला दिली, आणि तिथेच पहिली फजिती झाली. एक कॉलेजचा मुलगा गप्पा मारत मारत रंगवत होता. त्याने रसायनाचा ब्रश सरळ शेजारच्या कॉफीत बुडवला, ढवळला, बाहेर काढला, आणि दुसऱ्या हाताने कप उचलला. जलरंगवाले हे रोज करतात, त्यांच्यात तो विनोद समजला जातो. मी ओरडले. सगळं दुकान थांबलं. मालकीणबाईंनी येऊन तो कप दोन बोटांत उचलला आणि धुवायला न नेता सरळ बाहेर कचऱ्यात टाकला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्यानंतर काचा लावून कागद खिडकीच्या कट्ट्यावर मांडले. ऊन छान येत होतं. डोळे मिचकावावे लागावेत इतकं. उन्हात हा कागद दहा-पंधरा मिनिटांत पोपटीवरून निळसर होतो, मग राखाडी, मग काशासारखा काळपट. तो काळपटपणा दिसला की समजायचं, झालं. पंधरा मिनिटं झाली, कागद पोपटीच. मी म्हणाले, जरा थांबू. पंचवीस झाली. मी म्हणाले, ऊन कलतंय ना. चाळीस मिनिटांनी काकांनी वर्तमानपत्राच्या वरून कट्ट्याकडे पाहिलं आणि विचारलं, “अजून व्हायचंय?” मी नाइलाजाने कागद पाण्यात घातले, आणि न शेकलेलं पोपटी रसायन पाण्याबरोबर निघून गेलं. खाली कोरा कागद.

घरी येऊन मी सगळं तपासलं. हिशेबात चूक सापडली नाही की झोप येत नाही, ही सवय जुनी आहे. द्राव तेच होते. कागद तोच होता. काही कागदांत खडू मिसळून अल्कधर्मी केलेले असतात आणि त्यांवर हा निळा टिकत नाही, म्हणून मी आधीच पारखून घेतला होता. उरलेला एक कागद गच्चीवर नेला, बारा मिनिटांत गर्द निळा. म्हणजे रसायन नाही, कागद नाही, मी नाही. मग उरलं काय?

एकाच कागदाच्या दोन पट्ट्या कापून दुसऱ्या दिवशी कॉफीहाऊसमध्ये गेले. एक पट्टी खिडकीच्या आत कट्ट्यावर, दुसरी त्याच खिडकीच्या बाहेर, दोघींमध्ये फक्त काच. काउंटरवरच्या मुलाने त्याचा टायमर दिला, दहा मिनिटांचा. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तोही येऊन उभा राहिला. टायमर वाजला तेव्हा बाहेरची पट्टी काळपट झाली होती आणि आतली होती तशीच, ताजी पोपटी. मुलगा काचेला नाक लावून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. मग आत वळून ओरडला, “ताई, आपण फिल्म लावलीय ना काचेला?”

लावली होती. सोफ्याचं कापड उन्हाने विटतं म्हणून मालकीणबाईंनी काचेवर पारदर्शक फिल्म चिकटवून घेतली होती. ती डोळ्यांना दिसणारा उजेड आत सोडते आणि अतिनील किरण अडवते. फोटोफ्रेमची साधी काच यातले बरेचसे किरण जाऊ देते, म्हणून छपाईत काच दाबायला वापरता येते. फिल्म आली की खेळ संपला. मला दिसत होतं ते ऊन माझ्या डोळ्यांपुरतं होतं, कागदाच्या उपयोगाचं नव्हतं. मालकीणबाईंना हे सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. “म्हणजे फिल्मवाल्याने फसवलं नाही तर.”

खरं सांगायचं तर मला तेव्हा थांबावंसं वाटत होतं. पण त्या हसल्या म्हणून मी विचारलं, आणि त्यांनीही लगेच अटी घातल्या. कार्यशाळा बाहेर, पायऱ्यांवर आणि पुढच्या ओट्यावर. वेळ सकाळी अकरा ते साडेबारा. “साडेबाराला मला प्रत्येक खुर्ची लागते, आणि पायऱ्याही मोकळ्या लागतात.” रसायनाच्या टेबलावर कप चालणार नाही, कुठलाही. रसायनाची भांडी स्वयंपाकघरातल्या बेसिनला लागणार नाहीत; माझ्या बादल्या, माझे ट्रे, आणि धुणं मागच्या अंगणात. मला सगळं मान्य होतं. पहिल्या नऊ जणांना मी स्वतः कळवलं, की त्यांच्याकडून पुन्हा पैसे घेणार नाही. सहा जण परत आले. “वेळ छान गेला” म्हणणाऱ्या ताई सगळ्यांत आधी.

बाहेरच्या उन्हाच्या वेगळ्या तऱ्हा. वारा आला की काचेखालची पानं सरकतात आणि छापात भुतासारखी दुहेरी कडा येते, म्हणून प्रत्येक काचेला चारही बाजूंनी क्लिपा. ढग आला की घड्याळ बंद करायचं आणि कागद झाकायचे नाहीत, नुसती वाट बघायची. ढगातूनही किरण येतात, वेळ मात्र दुप्पट-तिप्पट लागतो. हे सगळं लोक आपापसातच शिकत होते, कारण मी बादल्या भरत होते. आतमध्ये जो ओशाळेपणा होता तो बाहेर कुणालाच नव्हता. येणारा-जाणारा थांबायचा, “काय चाललंय?” विचारायचा, आणि ज्याला स्वतःला दहा मिनिटांपूर्वी काही माहीत नव्हतं तो सायकलच्या साखळीवाला त्याला हर्शेलपासून सांगायचा. एक लहान मुलगी आईचा हात सोडून आली आणि तिने आपला तळवा उन्हातल्या कागदावर दाबून धरला. दहा मिनिटं. हलली नाही. मोठी माणसं सात मिनिटं माइकवर सरळ उभी राहत नाहीत.

बाराच्या सुमाराला काका बाहेर आले. आत गर्दी वाढली होती म्हणून, असं त्यांनी सांगितलं. थोडा वेळ हात मागे बांधून बघितलं आणि विचारलं, “पारदर्शक वस्तू ठेवली तर?” मी म्हटलं, उजेड आरपार जाईल, तिची नुसती कड उमटेल, मधलं सगळं निळं. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. “ठेवा.”

आम्ही चष्मा कागदावर ठेवला, काड्या उघडून, वर काच न दाबता. काका चष्म्याशिवाय पायरीवर बसून राहिले, पंधरा मिनिटं, वर्तमानपत्र मांडीवर मिटलेलं. मग कागद पाण्यात. पाण्यात पहिल्यांदा पिवळं उतरतं, मग निळं दिसायला लागतं आणि दोन-तीनदा पाणी बदललं की पांढरा भाग स्वच्छ होतो. खरा गर्द निळा यायला वाळताना हवेत एखादा दिवस जावा लागतो. घाई असेल तर बादलीत हायड्रोजन पेरॉक्साइडचं एक टोपण टाकायचं. मी टाकलं. आकाशी कागद डोळ्यांदेखत गर्द निळा झाला, आणि चारी बाजूंनी माणसं ओणवली.

चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याशुभ्र उमटल्या होत्या. पारदर्शक नव्हे, ठोकळा ठेवावा तशा. माझं भाकीत सपशेल चुकलं. क्षणभर कळेना, आणि मग काउंटरवरचा मुलगा, जो खरं तर आत असायला हवा होता, म्हणाला, “फिल्म!” अगदी बरोबर. हल्लीच्या चष्म्यांच्या प्लास्टिकच्या काचा बहुधा अतिनील किरण अडवणाऱ्याच असतात. आमच्या खिडकीसारख्याच. काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि कागद लांब धरून बघितला. “म्हणजे चष्मेवाल्यानेही फसवलं नाही.”

साडेबाराला पायऱ्या मोकळ्या झाल्या. दोन मिनिटं उशीर झाला असेल, मालकीणबाईंनी तो मोजला असेलच, बोलल्या नाहीत.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र कॉफीहाऊसशिवाय कुठेच झाली नसती. मागच्या अंगणात धुणं चालू असताना मुलगा एक भांडं घेऊन आला. सकाळची उरलेली काळी कॉफी, गार झालेली, ओतून देणार होता. “हिचं काही होतं का?” होतं की! सायनोटाइपचे छाप कडक चहात किंवा कॉफीत बुडवून ठेवले की निळा रंग काळा पडत जातो. कॉफीतले टॅनिनसारखे पदार्थ कागदातल्या लोखंडाशी बांधले जातात. पूर्वी लोखंडाचा क्षार आणि झाडाच्या गाठीतलं टॅनिन मिसळून लिहायची काळी शाई करायचे, त्यातलीच ही जवळची नात्यातली गोष्ट. मी हे घरी चहाने केलं होतं, पण बादलीभर कॉफी कुणाच्या घरी उरते? माझा ट्रे, त्यांची कॉफी. तीन जणांनी आपले छाप त्यात सोडले. पंधरा मिनिटांनी निळा मंदावला, अर्ध्या तासाने रात्रीच्या आभाळासारखा काळपट झाला. पांढरा भाग मात्र पांढरा राहत नाही, कॉफीचा रंग पितो आणि जुन्या पत्रासारखा दिसायला लागतो. हे मी आधी सांगितलं होतं तरी एका ताईंना वाईट वाटलंच, त्यांच्या लेसची पांढरी फुलं पिवळी पडली होती. त्यांना दुसरा कागद दिला. मुलगा मात्र ट्रेवरून हलत नव्हता. मरून पंधरा मिनिटं नव्हे, तीन तास झालेली कॉफी होती ती.

सगळे छाप आतल्या भिंतीवर दोरीला क्लिपांनी टांगले. मालकीणबाई म्हणाल्या, महिनाभर राहू देत. मंगळवारचं टेबल त्यांच्याखाली बसायला लागलं. ओपन माइकला एकीने त्या मुलीच्या तळव्याच्या छापावर काहीतरी लिहून आणलं, बरं होतं. लोकांना भिंतीवर आपलं काही लागलं की ते चार माणसांना घेऊन येतात, आणि त्या चौघांची कॉफी होते. मालकीणबाईंनी ही गोष्ट मला बोटांवर मोजून दाखवली.

काकांच्या चष्म्याचा छाप दोरीच्या टोकाला होता, बरोबर दिव्याच्या झोताखाली, आणि समोरून दिवसभर खिडकीचा उजेड. तीन आठवड्यांनी त्यांनी मला थांबवलं. “फिका पडला.” खरंच पडला होता, धुतलेल्या निळ्या शर्टासारखा. मी म्हणाले, भरपूर उजेडात राहिला की हा निळा विटतो, पण अंधारात ठेवला तर हवेने बराचसा परत येतो. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि पहिल्या कार्यशाळेचा अनुभव पाहता तो का बसावा. मुलाने छाप उतरवला आणि काउंटरखालच्या खणात ठेवला, मोकळा, पावत्यांच्या वर. काकांनी त्याला तारीख लिहून ठेवायला सांगितली.

पाच दिवसांनी मी संध्याकाळी गेले तेव्हा काका टेबलावर नव्हते, काउंटरपाशी उभे होते. मुलाने खण उघडून छाप बाहेर काढला. निळा भरला होता. पहिल्या दिवसाइतका म्हणणार नाही, पण भरला होता.

“हाच?” काकांनी विचारलं.

“हाच काका. मागे तारीख बघा.”

काकांनी कागद उलटा केला, सुलटा केला. मग खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, डोळ्यांवर लावला आणि परत बघायला लागले.